‘टेस्टच नाही’ म्हणे! डोळ्यांच्या साथीच्या मेसेजला उत्तर

पावसाळ्यात गावातले चार डोळे लाल झाले की हा मेसेज हजर. यंदा तो आशाताईंच्या ग्रुपमधून घरोघरच्या आज्यांपर्यंत पोचलाय, म्हणून गप्प बसवत नाही. मजकूर थोडक्यात असा: ‘हा नवा विषाणू आहे, त्याची टेस्टच नाही, पुण्याच्या लॅबलाही सापडला नाही. डोळ्यात रक्त उतरलं तर जिवाला धोका. नजरेतून पसरतो. खरं कारण कपाशीवरची फवारणी. मेडिकलवरून डेक्साचा ड्रॉप आणा, दोन दिवसांत साफ.’

आधी ‘नवा’. १९६९ साली घानात डोळे रक्ताळणारी अशीच साथ आली होती. माणूस नुकताच चंद्रावर उतरलेला, म्हणून लोकांनी तिला ‘अपोलो’चंच नाव दिलं. त्या साथीमागचा विषाणू एन्टेरोव्हायरस ७०. पुढच्याच वर्षी सिंगापुरात त्याच एन्टेरो कुळातल्या कॉक्सॅकी ए२४ चा एक प्रकार सापडला. १९७१ मध्ये बंगालात साथ पसरली तेव्हा लोक तिला ‘जय बांगला’ म्हणत. तिसरा, नेहमीचा गडी अ‍ॅडिनोव्हायरस. २०२३च्या पावसाळ्यात रुग्णसंख्येत बुलडाणा जिल्हा राज्यात सगळ्यांच्या वर होता, तेव्हा राज्याच्या आरोग्य खात्याने याच अ‍ॅडिनोचं नाव घेतलं होतं.

‘टेस्टच नाही’ हे त्याहून मोठं खोटं. करोनात घराघरात माहीत झालेली आरटी-पीसीआर इथेही चालते. एवढं मात्र मान्य की पीएचसीत प्रत्येक लाल डोळ्याची तपासणी होत नाही. करायचं कारणही नाही, कारण विषाणू कोणताही निघाला तरी साध्या दुखण्याचा उपचार तोच. साथ सुरू होताना मोजक्या ताज्या रुग्णांचे नमुने घेतले की पुरतं.

नमुना घेताना खालची पापणी ओढायची, चिपड पुसून टाकायचं आणि आतल्या खोबणीत स्वॅब हलका दाबून फिरवायचा. पू नकोय, पेशी हव्यात. काडी प्लास्टिकची, टोक पॉलिएस्टरचं. लाकडी काडीतली द्रव्यं पीसीआर अडवतात. डोळे आल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत हे झालं पाहिजे. मग स्वॅब व्हीटीएमच्या (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाच्या) नळीत बुडवून, बर्फाच्या डब्यात २ ते ८ अंशांवर, ७२ तासांच्या आत लॅबला. नळी दिवसभर फटफटीच्या डिक्कीत तापली की रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि मेसेजवाल्यांना आयतं कोलीत मिळतं.

आणखी एक खाच आहे. अ‍ॅडिनो डीएनएचा, बाकीचे दोघे आरएनएचे. आरएनएचं आधी डीएनएत रूपांतर करावं लागतं, तरच पीसीआरला तो दिसतो. फक्त अ‍ॅडिनोची तपासणी केली आणि निगेटिव्ह आली, तर अर्थ एवढाच की अ‍ॅडिनो मिळाला नाही. एन्टेरोची तपासणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर व्हीपी१ हा जनुकाचा भाग वाचून ७० की ए२४ ते ठरतं. अ‍ॅडिनोचा प्रकार हेक्सॉन जनुकावरून कळतो. ‘निगेटिव्ह म्हणजे नवा विषाणू’ ही उडी मेसेज लिहिणाऱ्याची, लॅबची नव्हे.

रक्त उतरलेला डोळा भयंकर दिसतो, पण ते बुबुळाबाहेरच्या पातळ पडद्याखालचं रक्त असतं. आठ-पंधरा दिवसांत विरतं. फोटो पाहून विषाणू सांगणाऱ्यांनी तर हात जोडून थांबावं, कारण अ‍ॅडिनोतही रक्त उतरतं. त्यापेक्षा दिवस मोजा. लागण झाल्यावर एक-दोन दिवसांतच डोळे येत असतील तर संशय एन्टेरोवर. मध्ये पाच ते बारा दिवस जात असतील आणि कानापुढे गाठ दुखत असेल तर अ‍ॅडिनोवर. तरी हा अंदाजच, शिक्का लॅबचाच.

नजरेने पसरत नाही. हाताने, दुपट्ट्याने, उशीने पसरतो. काळ्या चष्म्याने उजेड टोचत नाही आणि हात डोळ्याकडे कमी जातो, एवढाच त्याचा उपयोग. हे विषाणू स्निग्ध कवच नसलेले, म्हणून नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका. साबण लावून वीस सेकंद चोळून धुवा.

फवारणीचं मात्र अर्धं खरं आहे. औषध डोळ्यात उडालं की डोळा लाल होतो, आगही होते, आणि यवतमाळची २०१७ची फवारणीची विषबाधा कुणी विसरलेलं नाही. औषध उडालं तर डोळा स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचा आणि दवाखाना गाठायचा. पण फवारणाऱ्याचा लाल डोळा शाळेतल्या तीस पोरांना लागत नाही.

आता तो डेक्सा. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. टाकलं की लाली उतरते, म्हणून ‘गुण आला’ वाटतं. प्रत्यक्षात विषाणू डोळ्यात जास्त दिवस रेंगाळतो. त्याहून वाईट आपल्या शेतात घडतं. पऱ्हाटीची काडी लागते, थ्रेशरवर सोयाबीनचं कुटार उडतं, बुबुळावर ओरखडा येतो आणि त्यात बुरशी शिरते. डोळा लाल, गावात साथ, म्हणजे ‘आलाच डोळा’ म्हणून ड्रॉप सुरू. स्टेरॉइडने बुरशीला रान मोकळं मिळतं, बुबुळावर पांढरा फुलोरा धरतो, कधी बुबुळ फुटतंही. नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूच्या जखमेतही तेच. मेडिकलवाल्याने दिलेल्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा: अँटिबायोटिकच्या नावाला जोडून डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय टाकू नका. आणि डोळा सलत नसून ठणकत असेल, नजर धूसर झाली असेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल किंवा आधी काडी-कुटार लागलेलं असेल, तर साथीचं नाव न घेता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.