बाळू रामा, इयत्ता पहिली

नात बारावी सायन्सला गेली तसा आमच्या घरातला टीव्ही मुका झाला, पाहुण्यांची ये-जा थांबली आणि मला परत पहिलीत जावं लागलं.

तिची काही काळजी नाही. पहाटे उठते, विश्रामबागेत क्लासला जाते, तिथनं कॉलेज, रात्री पुन्हा पुस्तकात डोकं. तिच्या सीईटीला दीडशे प्रश्न, दोनशे मार्क. गणिताच्या एकेका प्रश्नाला दोन मार्क, आणि चुकलं तरी मार्क कापत नाहीत. हे ऐकून मला हेवाच वाटला. आमच्या वेळी उत्तर चुकलं की मार्क जागेवर राहायचे, कान मास्तरांच्या हातात जायचा. तिला वालचंदला कॉम्प्युटर घ्यायचंय. 1947 सालचं कॉलेज. सांगलीतल्या निम्म्या आईबापांची नजर तिथंच. यात आपलं काम रात्रीचा चहा करून देण्यापुरतं, अशी माझी समजूत होती.

मग कागदांची यादी आली. जातीचा दाखला, त्याची पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला. पडताळणीचा अर्ज बारावी चालू असतानाच टाका, निकालानंतर झुंबड उडते, असं सरांनी बजावलं होतं. मुलगा मार्केट यार्डात हळदीच्या आडत दुकानात दिवाणजी. सौदे सुरू असले की त्याला जेवायला सवड नसते. त्यानं यादी माझ्याकडं सरकवली. "आबा, तुम्ही मोकळेच असता." रिटायर माणसाची नेमणूक याच वाक्यानं होते. पगार नाही, रजाही नाही.

सेवा केंद्रातल्या पोरानं फाईल चाळली.

"आजोबा, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो."

"अरे, पोरीचा जन्म 2008 चा!"

"तिचा नव्हे हो, तुमचा. तुमच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा."

म्हणजे नातीचं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग माझ्या पहिलीवर अडलं होतं. सहा दशकांनी कुणीतरी माझ्या शिक्षणाची चौकशी केली, याचं थोडं बरंही वाटलं.

तासगावच्या बाजूला आमचं गाव. एसटीत बसलो. पासष्ट ओलांडलेल्याला अर्धं तिकीट, म्हणून कंडक्टरनं आधार कार्ड बघितलं आणि 1 जून 1954 ही जन्मतारीख बिनतक्रार मान्य केली. मला स्वतःला ती कधी पटलेली नाही. आई सांगायची, शाळू पेरताना तू झालास.

शाळेत मुख्याध्यापक बाई होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. "आजोबा, नाव कोणत्या साली घातलं?"

"पानशेत फुटलं त्याच्या आदल्या वर्षी."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग 1960 म्हटल्यावर कपाट उघडलं. रजिस्टर जपून, पान न् पान हलक्या हातानं उलटत काढलं. त्या पानावरची सगळी पोरं 1 जूनला जन्मलेली! गावातल्या बायका खरंच एका दिवशी बाळंत झाल्या असतील तर त्या सुईणीला ताम्रपट द्यायला पाहिजे होता. खरं असं, की मास्तर डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. धरता आला की पोरगं सहा वर्षांचं झालं. शाळा जूनला भरते, लिहा 1 जून.

आणि त्यात मी सापडलो. 'बाळू रामा.' पुढं जात, व्यवस्थित. पण कागदोपत्री मी बाळासाहेब रामचंद्र. कारखान्यात काटाघरात नोकरी लागली आणि बाळूचा साहेब झाला. वडील गेल्यावर त्यांनाही आम्ही रामचंद्र केलं. आता हा बाळू म्हणजेच बाळासाहेब, हे सिद्ध करायचं.

उतारा घरी आणला तर नातीनं पुढचे रकानेही मोठ्यानं वाचले. प्रगती: साधारण. वर्तणूक: बरी. गैरहजेरी: फार.

"आबा, तुम्ही कायम पहिला नंबर म्हणत होता ना?"

"पटावरचा नंबर म्हणत होतो," मी म्हटलं. सून तोंडाला पदर लावून आत गेली. त्या दिवसापासून पोरीला 'अभ्यासाला बस' म्हणायची माझी सोय गेली.

वकिलांकडं प्रतिज्ञापत्र केलं. साक्षीला वर्गमित्र महादू आणला. त्याच्या आधार कार्डावर महादेव. वकील म्हणाले, "पण हे महादू कशावरनं?" म्हटलं, "साहेब, ह्याला परत साक्षीदार नका मागू. त्या वर्गातले आता आम्ही दोघंच उरलोय." वकिलांनी मुकाट्यानं सही घेतली.

अर्ज गेला. आता नॉन-क्रिमीलेअर, त्याला मुलाच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद. वर्षाला आठ लाखांच्या आत पाहिजे. दिवाणजीच्या पगाराला ही मर्यादा दाखवली तेव्हा मुलगा म्हणाला, "आबा, ह्या दाखल्याची फ्रेम करून लावू. एवढ्या लांबून श्रीमंती मी पहिल्यांदाच बघतोय."

नात तिकडं सराव परीक्षा देतेय आणि इकडं गल्लीत माझी कीर्ती पसरलीय. परवा शेजारच्या आक्का आल्या. त्यांचा नातू अकरावीत, त्यांनाही पडताळणी करायचीय. मी चष्मा लावला, वही काढली आणि विचारलं, "मालकांचं शाळेतलं नाव काय?"

आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात तोंडानं घेतलेलं नाही.

"उखाण्यात घ्या," मी म्हटलं, "पण रजिस्टरला आहे तसंच घ्या. राव लावू नका."