बोगद्यांच्या गावातून

आमच्या मावसभावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून परत जुंपली. कारण नेहमीचंच, बालभारती ते पौड फाटा हा टेकडीतून न्यायचा रस्ता. धाकट्या मावसभावाला तो हवाय. त्याने मी राहतो त्या अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा, तिथल्या माउंट वॉशिंग्टन डोंगरावरून काढलेला रात्रीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'दादाच्या गावात डोंगरातून बोगदे काढले, तरी शहर बघा कसं झकास! आपल्याकडे नुसती आंदोलनं.' फोटो मीच दिवाळीत पाठवलेला. म्हणजे माझ्याच फोटोने माझं तोंड बंद!

बोगदे आहेत, नाही कोण म्हणतं? लिबर्टी ट्यूब्ज 1924 सालच्या. त्याच वर्षी मे महिन्यात ट्रॅमचा संप झाला, सगळे गाड्या घेऊन निघाले आणि बोगद्यात अडकले. हवा खेळवायची यंत्रणा अजून बसायची होती. धुराने माणसं बेशुद्ध पडली. हे फोटोत दिसत नाही. फोर्ट पिटचा बोगदा 1960 चा. आजही सकाळी बोगद्याआधीचा ग्रीन ट्रीचा उतार लागला की ब्रेकचे लाल दिवे थेट बोगद्याच्या तोंडापर्यंत. डोंगर पोखरून इतकी वर्षं झाली, ट्रॅफिक आहे तिथेच आहे. पुण्यात मात्र एक रस्ता झाला की सेनापती बापट रोड मोकळा होणार म्हणे!

आणि ज्या कड्यावरून तो फोटो निघतो तिथवर नेणारी सोय टिकली कशी, हेही सांगायला हवं. या डोंगराचं जुनं नाव कोल हिल. पोटात कोळसा, पायथ्याशी कारखाने. वर राहणाऱ्या कामगारांना रोज चढउतार करायला रुळांवरून दोराने ओढले जाणारे डबे आले, त्याला इथे इन्क्लाइन म्हणतात. मोनोंगहेला इन्क्लाइन 1870 ची, डुकेन 1877 ची. प्रवाशांसाठी केलेली सोय, पर्यटकांसाठी नव्हे. 1962 मध्ये डुकेन बंद पडली. दुरुस्ती परवडत नाही म्हणून मालकांनी हात वर केले, तेव्हा डोंगरावरच्या रहिवाशांनी वर्गणी काढली आणि पुढच्या वर्षी ती परत सुरू केली. डबे अजून तेच, लाकडी. आत चेरीच्या लाकडाची नक्षी, आणि चढताना खालून दोराची घरघर. आमच्या ग्रुपच्या भाषेत ते रहिवासी म्हणजे 'विकासाला आडवे येणारे'.

पुण्यात टेकडीवर पहाटे येणारे आजोबा, खाणीपाशी मोर बघायला थांबणारी पोरं, हरकती लिहिणारी माणसं, ही त्याच जातीची. पण त्यांचं कौतुक करायला आपल्याला अमेरिकेचा दाखला लागतो. आणि टिंगल करायलाही.

आता जे मी ग्रुपवर लिहिलं नाही ते. मी राहतो साउथ हिल्समध्ये, म्हणजे बोगद्यांपलीकडच्या उपनगरांत. लिबर्टी ट्यूब्ज झाल्या म्हणून तिकडे वस्ती फोफावली. माझं घर, मागचं अंगण, मुलीची शाळा, सगळं त्या पोखरलेल्या डोंगराच्या कृपेने. भावाला हे ठाऊक असतं तर मला उत्तर सुचलं नसतं.

ग्रँडव्ह्यू ॲव्हेन्यूवर एक ब्राँझचं शिल्प आहे. जॉर्ज वॉशिंग्टन आणि सेनेका या तिथल्या मूळ रहिवासी जमातीचा नेता गायासूटा समोरासमोर, नाकाला नाक लागेल इतके जवळ. 1770 सालच्या त्यांच्या भेटीचं. डोंगराला नाव वॉशिंग्टनचं मिळालं. भारतातून कोणी आलं की मी तिथे नेतो आणि गाइडसारखा सुरू होतो: ही अलेघेनी नदी, ही मॉन म्हणजे मोनोंगहेला, इथे मिळून ओहायो. प्रत्येक पूल नावानिशी. गेल्या खेपेला पर्वती चढलो. एकशेतीन पायऱ्या, दम लागला ते सोडा. खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने जिथून पाहिली म्हणतात, तिथे उभं राहून मुलीला मुठा दाखवायची होती. इमारतींच्या गर्दीत ती कुठून वाहते तेच कळेना. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या पोराने बोट दाखवलं. 'नवीन आहात का काका पुण्यात?' असंही विचारलं.

भावाचा शेवटचा मेसेज होता, 'तू परत येणारेस का? नाही ना? मग टेकडीचं आम्ही बघतो.' बोचलं. कर इथे भरतो, तिथल्या महापालिकेला मी मत देत नाही, सगळं खरं. पण ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्याला जेवढं बोलायचा हक्क आहे तेवढा हनुमान टेकडीवर सायकल शिकून गुडघे फोडलेल्याला नसावा? नसेलही. रस्त्याविरुद्धच्या पत्रावर मी ऑनलाइन सही केलीच. पत्त्याच्या रकान्यात कोथरूडचा फ्लॅट टाकला. तिथे सध्या भाडेकरू राहतात, आणि भावाकडून कळलं की त्यांना रस्ता हवाय.