फिक्का म्हणजे फिक्काच, मामी

चपला काढायच्या आधी सांगितलं होतं. निघायच्या आधी बायकोनं फोनवरही सांगितलं होतं. तरी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पुन्हा सांगितलं, "मामी, मला फिक्का चहा. साखर अजिबात नको." आतून आवाज आला, "हाव हाव, माहीत हाय की जावईबापू." थोड्या वेळानं कपबशी हातात आली. पहिला घोट घेतला. गोड. नुसता गोड नाही, ओठाला ओठ चिकटावेत इतका गोड.

"मामी, साखर पडली वाटतं."

"न्हाई ओ! साखरेचा कण बी न्हाई. तुमच्यासाठी खास गुळाचा केलाय. गुळाला काय होतंय!"

गुळाला काहीच होत नाही. जे व्हायचं ते मला होतं.

हे अंबाजोगाईत घडलं, म्हणजे चहूबाजूंनी ऊस. मामांचा स्वतःचा ऊस दरवर्षी कारखान्याला जातो, तोडीवरून दरवर्षी भांडण होतं. ज्या उसाची साखर होते त्याच उसाचा गूळ होतो, हे या घराला मी सांगायचं? रस कारखान्यात गेला की विष आणि गुऱ्हाळात गेला की औषध? गुळात लोह असतं म्हणे. असेल चिमूटभर. तेवढ्या लोहासाठी एवढी साखर कोण खातंय? बाकी सगळी साखरच आहे त्यात, ग्रॅममागं उष्मांक जवळपास तेवढेच, रक्तात गेल्यावर वागणूकही तीच. रक्ताला काय दिसतंय, ढेपेतून आलीय का पोत्यातून?

हे मी बोललो. शांतपणेच बोललो. बायकोच्या मते शांतपणे नाही. त्यावर मामींचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या माहेराला नावं ठेवली. आणि बायको, जी लॅबचा रिपोर्ट फ्रिजवर चिकटवून रोज मला भात मोजून वाढते, ती कानात म्हणते, "घ्या ना एवढा, उगं मन मोडू नका." मामींचं मन मोडलं तर ते संध्याकाळपर्यंत जुळतं. माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी, तीन महिने हिशोब ठेवतं. 6.2 आलंय. 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठ्यावर, 6.5 म्हणजे घरात. 2023 साली आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, अभ्यासाचे आकडे आले, देशात 10 कोटींवर लोकांना मधुमेह आणि आणखी 13 कोटी 60 लाख उंबरठ्यावर. या 13 कोटी 60 लाखांतल्या प्रत्येकाला एकेक मामी आहे, याची मला खात्री आहे.

मग मामा बोलले. "आमच्यात शुगर न्हाई. आम्ही ज्वारीची भाकर खातो." हे बोलताना त्यांच्या मागं, टीव्हीच्या बाजूला, मेटफॉर्मिनची, म्हणजे शुगरच्याच गोळ्यांची, पाकिटं रबर लावून ठेवलेली. मी तिकडं बघितलं, त्यांनी मला बघताना बघितलं. म्हणाले, "ती तर अशीच. बारकी गोळी हाय." आणि ताटलीतला कुंथलगिरीचा पेढा तोंडात टाकून वर म्हणाले, "गोळी घेतलीय सकाळी, आता काय होतंय!" गोळी म्हणजे काय टोलची पावती आहे का, दाखवली की गाडी पुढं?

आणि ज्वारीवर माझं प्रेम आहे. मालदांडीची भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी, मला दुसरं काही नको. पण ज्वारीच्या पिठातसुद्धा दोन तृतीयांश कर्बोदकंच असतात ओ. तंतू जास्त, साखर जरा सावकाश चढते, एवढंच तिचं पुण्य. एकाच बसणीला चार भाकरी दाबल्या तर मालदांडी काय अन् मैदा काय.

तो गुळाचा चहा मी प्यायलो नाही. खिडकीत ठेवला. पंधरा मिनिटांनी मामींनी तो गरम करून परत आणला.

आता विषय निघालाच आहे तर अधिकात धोंड्याला गेलो होतो तेही सांगतो. 2023 चा अधिक श्रावण, सासुरवाडी, तुपात भिजलेले पुरणाचे धोंडे. तेव्हा रिपोर्ट नुकताच हातात आला होता. मी म्हणलं एकच घेतो. सासूबाई म्हणाल्या, वर्षाचा सण. तीन वर्षांतून एकदा येतंय, मोडता घालू नका. बरोबर आहे, अधिक तीन वर्षांतून एकदाच येतो. पण मध्ये संक्रांत येते, पाडवा येतो, पंचमी येते, गौरी येतात, दिवाळी येते, कुणाचं बारसं, कुणाची वास्तुशांत, आणि प्रत्येक जण म्हणतो, एका दिवसानं काय होतंय. तुमचा एक दिवस. माझे सगळे मिळून अर्धं वर्ष होतंय.

एकादशीचं तर बोलूच नका. "उपास करा, शुगर उतरती." आणि समोर साबुदाण्याच्या खिचडीचं ताट, वर बटाटा, बाजूला साखर घातलेलं दही. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. तो खाऊन कुणाची शुगर उतरली असेल तर मी त्याच्या पाया पडायला तयार आहे, पत्ता द्या.

बस स्टँडवरचा टपरीवाला तेवढा एक माणूस ऐकतो माझं. वेगळं भांडं ठेवून खरोखर बिनसाखरेचा करतो. फक्त तयार झाला की फलाटापर्यंत जाईल असा ओरडतो, "शुगरवाल्याचा एक घ्या!" निलंग्याच्या गाडीत बसलेली अर्धी माणसं माझ्याकडं वळून बघतात. एकदा एक आजोबा खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाले, "कारल्याचा रस घ्या लेकरा, गोळ्या फेकून द्या." गोळ्या फेकून द्या म्हणणाऱ्या माणसांचा मला सगळ्यात जास्त राग येतो. जांभळाच्या बियांची भुकटी, मेथीचं पाणी, अमुक झाडाचं पान. प्या काय प्यायचं ते. पण डॉक्टरला न विचारता दुसऱ्याची गोळी बंद करायला सांगायची, आणि मग डोळ्यांचं, किडनीचं, पायाच्या जखमेचं निघालं की "नशीब" म्हणायचं? तेव्हा ही माणसं कुठं असतात? पुढच्या गाडीत दुसऱ्या कुणाला तरी कारलं सांगायलेत.

ऑफिसातलं चहाचं मशीन. त्याच्या पावडरीतच साखर. त्याच्यासमोर उभं राहून मी बटणं वाचतो: चहा, वेलची चहा, मसाला चहा, गरम पाणी. मी गरम पाणी घेतो. साहेब म्हणतात, "वजन कमी करताय का?"

आणि चालणं! डॉक्टरांनी सांगितलं, जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. साधी, फुकटची गोष्ट. लातुरात करून दाखवा. घरातून निघालो की पहिल्या चौकात कुणीतरी गाडी थांबवतो, "बसा, सोडतो." मी म्हणतो, चालायलोय. तो म्हणतो, "गाडी बिघडली का?" मी म्हणतो, मुद्दाम चालायलोय. "आवो बसा की, कशाला लाजता!" बसलो नाही तर दुसऱ्या दिवशी सासऱ्यांपर्यंत बातमी, जावयाची गाडी विकली. फुटपाथवर पाणीपुरी, खाली उतरावं तर कुत्री. माझी शुगर कमी होत असेल तर ती कुत्र्यांमुळं होते, ते तेवढं पळवतात.

खरं सांगायचं तर मी स्वतःही आता कुणाला नको असलेला माणूस झालोय, हे मला कळतं. पंगतीत माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. दुकानात मी "शुगर-फ्री" बिस्किटाचा पुडा उलटा करून दुकानदाराला वाचून दाखवतो की पहिला घटक मैदा आहे; त्याला काय करायचंय, त्यानं काय दळलाय का तो? भाच्याच्या वाढदिवसाला पोरांना गोल बसवून सांगितलं, कोल्ड्रिंकच्या अडीचशे मिलीच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला सबंध दिवसाला बाराच्या आत ठेवा म्हणते, सहाच्या आत ठेवली तर आणखी बरं. प्रत्यक्ष चमच्यानं साखर वाटीत काढून दाखवली. पोरांना कार्यक्रम फार आवडला. संपल्यावर एकानं ती वाटीतली साखर खाल्ली आणि दुसरी बाटली कधी उघडणार असं विचारलं. भाचा आता मला साखरमामा म्हणतो. त्याच्या आईनं त्याला थांबवलेलं नाही.

बीपी पण वाढलंय म्हणे थोडं. चिडचिड कमी करा म्हणाले. कशी करू?

पुढच्या आठवड्यात येळवस आहे, म्हणजे आमच्याकडची वेळ अमावास्या, शेतावर जायचंय. ते एक जेवण मला भांडण न करता जेवता येतं. ओल्या तुरीचे दाणे, हरभरा, वाल, पालेभाज्या सगळं घालून शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आंबट आंबील. प्रथिनं आहेत, तंतू आहेत, कुणी आहारतज्ज्ञानं कागदावर लिहून दिल्यासारखं ताट. गव्हाची खीर असतेच, तेलच्या असतात, तिकडं मी बघणार नाही. चुलत भावाला आत्ताच सांगून ठेवलंय, मला कडब्याच्या कोपीच्या सावलीत भज्जीच्या पातेल्याजवळ बसव, खीर वाढणारीला दुसऱ्या टोकाला पाठव. आणि आंबिलीला तांब्या आण. फुलपात्रात मी पिणार नाही.