आधी गुडघ्यातलं पाणी तपासा

जानेवारी २०२४ मध्ये केरळने 'ऑपरेशन अमृत' सुरू केलं. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या मेडिकलवर अचानक धाडी पडू लागल्या. तेव्हापासून आमच्या घरात एक वाद अधूनमधून पेटतो. मामा म्हणतात, महाराष्ट्रातही हेच हवं, दोन-चार लायसन्सं रद्द झाली की सगळे सरळ होतील. तासगावात मेडिकल चालवणारा माझा चुलतभाऊ म्हणतो, "रात्री नऊ वाजता बाई फणफणलेलं पोर घेऊन दारात उभी असते. तिला काय कायदा वाचून दाखवू?" मग दोघंही माझ्याकडे वळतात. तुमच्या डेन्मार्कात कसं असतं?

कोपनहेगनला येऊन मला चौदा वर्षं झाली. पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: इथे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची एक गोळी मिळत नाही, आणि डॉक्टर चिठ्ठी सहजी देत नाहीत. आत्याच्या गुडघ्यानंतर हे उत्तर मला अर्धवट वाटू लागलं आहे.

आत्याने गुडघा बदलून घेतला. ऑपरेशन उत्तम झालं, दहाव्या दिवशी ती काठी घेऊन परसात फिरत होती. तिसऱ्या आठवड्यात टाक्यांच्या एका टोकाशी पाणी यायला लागलं. पुन्हा शहरात जायचं म्हणजे गाडी करायची, एका माणसाचा दिवस मोडायचा. म्हणून तिने भाच्याकडे, म्हणजे माझ्या चुलतभावाकडे, गोळी मागितली. त्याने मायेनेच दिली. पाच दिवसांत जखम सुकली. पंधरा दिवसांनी पुन्हा पाणी. मग गावातल्या डॉक्टरांनी आणखी 'स्ट्राँग' गोळी दिली. पुन्हा सुकली, पुन्हा पाझरली. असे चार महिने गेले. शेवटी एका सर्जनने सगळी औषधं दोन आठवडे बंद ठेवायला लावली आणि मग सुईने गुडघ्यातलं पाणी काढून कल्चरला, म्हणजे त्यात कोणते जीवाणू वाढतात ते बघायला, पाठवलं. आत्याला ते पटेना. दुखतंय तेव्हाच औषध बंद?

त्यांनी तसं का केलं, ते समजून घ्यायला मला बरंच वाचावं लागलं. पाण्याचा हंडा आठवडाभर घासला नाही तर आतून बुळबुळीत होतो. नुसतं पाणी ओतून तो थर निघत नाही, चिंच लावून घासावंच लागतं. जीवाणू शरीरात बसवलेल्या धातूवर किंवा प्लास्टिकवर असाच थर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. थराच्या खोल भागात प्राणवायू आणि अन्न कमी पोचतं, म्हणून तिथले जीवाणू जवळजवळ निजलेले असतात. पेनिसिलिनसारखं औषध जीवाणू वाढताना, आपली भिंत बांधताना त्याला मारतं. जो वाढतच नाही त्याचं ते काय बिघडवणार? थरातल्या जीवाणूंना मारायला कधी कधी हजारपट जास्त औषध लागतं, आणि तेवढं माणसाला देता येत नाही. आपल्या पांढऱ्या पेशींनाही तो थर गिळता येत नाही. गोळीने मरतात ते थरातून सुटून मोकळे फिरणारे. म्हणून ताप उतरतो, जखम सुकते आणि सगळ्यांना वाटतं, लागू पडलं.

हे आजचं ज्ञान नाही. सतराव्या शतकात लेवेनहुक या डच माणसाने सूक्ष्मदर्शकातून दातांवरच्या किटात जीव पाहिले तेव्हाच त्याच्या लक्षात आलं होतं, की व्हिनेगरने चूळ भरली तर किटाच्या बाहेरचे मरतात, आतले नाही.

मला सर्वांत अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. प्रयोगशाळेत औषधाची तपासणी होते ती मोकळ्या जीवाणूंवर. त्यामुळे रिपोर्टवर औषधापुढे 'सेन्सिटिव्ह', म्हणजे या औषधाने जीवाणू मरतो, असं लिहिलेलं असतं आणि तरीही रुग्ण बरा होत नाही. आपल्याकडच्या वादात हे सगळं 'रेझिस्टन्स', म्हणजे जीवाणू औषधाला निर्ढावणं, या एका शब्दात कोंबलं जातं, आणि त्यावरचा उपायही एकच सुचतो, आणखी भारी औषध. आत्याच्या गुडघ्यातला जीवाणू, स्टॅफिलोकोकस, साध्या औषधालाही 'सेन्सिटिव्ह' होता. पहिल्या तीन-चार आठवड्यांत गुडघा उघडून स्वच्छ धुतला असता आणि नेमकं औषध चालू केलं असतं, तर कदाचित सांधा वाचला असता. तेव्हा थर कोवळा असतो. गोळ्यांनी जीवाणू मेले नाहीत. लक्षणं मात्र झाकली गेली आणि ते आठवडे गेले. सांधा काढावा लागला. त्या जागी अँटिबायोटिक कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा बसवला, आणि काही महिन्यांनी दुसरा सांधा.

आता डेन्मार्कचं. माझ्या मुलाचा कान दुखायचा तेव्हा डॉक्टर बोटातून थेंबभर रक्त घ्यायचे, तिथल्या तिथे सीआरपी, म्हणजे रक्तातलं सूज-संसर्गाचं माप, बघायचे आणि पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवायचे. मी रडकुंडीला यायचे. इथल्या प्रत्येक मराठी आईकडे अशी एक गोष्ट असते. कधी कधी हा संयम चुकतो आणि न्यूमोनिया दोन दिवस उशिरा कळतो, हेही मी जवळून पाहिलंय. इथलं सगळं आदर्श आहे असं मी म्हणणार नाही.

पण हाच हात राखून औषध देणारा देश एका ठिकाणी सढळ होतो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसात चिकट कफ साठतो आणि त्यात स्युडोमोनास जीवाणू थर धरतात. कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटलेट या मोठ्या रुग्णालयात जीवाणूतज्ज्ञ निल्स होइबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून या मुलांच्या कफात जीवाणूंचे पुंजके पाहिले. त्यांनी घालून दिलेली पद्धत अशी: दर महिन्याला मुलाला बोलवायचं, कफ तपासायचा आणि स्युडोमोनास पहिल्यांदा दिसताच, मूल ठणठणीत असलं तरी, वाफेतून कोलिस्टिन आणि तोंडाने सिप्रोफ्लॉक्सासिन ही दोन अँटिबायोटिक सुरू करायची. थर बसायच्या आत. एकदा तो बसला की जन्मभर जात नाही. अशा मुलांना मग दर तीन महिन्यांनी दोन आठवडे शिरेतून औषध दिलं जाई, लक्षणांची वाट न पाहता.

इतकं औषध! पण त्यामागे दर महिन्याला तपासलेला नमुना. माझ्या मुलाला गोळी नाकारणारी आणि त्या मुलांना भरभरून देणारी व्यवस्था एकच, कारण दोन्हीकडे आधी काहीतरी मोजलेलं आहे. माणसांत आणि जनावरांत किती अँटिबायोटिक गेलं याचा हिशेब हा देश १९९५ पासून 'डॅनमॅप' या उपक्रमात मांडतो आहे.

म्हणून मामांना माझं म्हणणं हे आहे. कायदा आपल्याकडेही आहे. मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन ही कडक नियमांच्या औषधांची यादी लागू आहे. त्यातल्या औषधांसाठी डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं ठेवायची. धाडी घालायच्या तर जरूर घाला, केरळने चांगलंच केलं. पण डेन्मार्कची फक्त बंदी उचलली आणि तिच्यामागची प्रयोगशाळा उचलली नाही, तर आत्याला गोळी मिळणार नाही आणि गुडघ्यातलं पाणीही कोणी तपासणार नाही. माझी मागणी आधी ग्रामीण रुग्णालयासाठी आहे. तिथे नमुना घेण्याची सोय हवी आणि तो त्याच दिवशी मिरज-सांगलीला पोचवणारी गाडी. शरीरात सांधा, सळई किंवा झडप बसवलेल्या प्रत्येक माणसाच्या हातात घरी जाताना एक कागद हवा: जखम पाझरली तर गोळी घेण्याआधी आम्हाला फोन करा.

इथली प्रत्येक गोष्ट तिकडे जशीच्या तशी लागू होत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. धातूवरच्या स्टॅफिलोकोकसच्या थरावर रिफाम्पिसिन चांगलं चालतं, जोडीला दुसरं औषध ठेवून. इथे ते देताना डॉक्टरांना टीबीची फारशी चिंता नसते. आपल्याकडे ते टीबीचं प्रमुख औषध आहे आणि गुडघ्यालाही टीबी होतो. तो नाही याची खात्री न करता रिफाम्पिसिन दिलं, तर एका थराशी लढताना टीबीचे जंतू त्या औषधाला निर्ढावतील. इथेही पुन्हा आधी नमुनाच.

चुलतभावावर मी चिडले नाही. चार महिने त्याच्या गोळ्यांमध्ये गेले हे त्याला कळलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ बोलला नाही. आता त्याने काउंटरवर पाटी लावली आहे: ऑपरेशनच्या जागी पाणी येत असेल तर गोळी मागू नका, ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडे जा. परवा एक आजोबा ती पाटी वाचून परत गेले. मांडीत सळई, पुण्याला बसवलेली. ते पुण्याला गेले की कोपऱ्यावरच्या दुसऱ्या मेडिकलमध्ये, हे त्याला अजून कळलेलं नाही.