मला तर काहीच त्रास नाही

तंबाखू खाणाऱ्याला चार शब्द सांगायला जा, उत्तर ठरलेलं असतं: "इतकी वर्षं खातोय, मला तर काहीच त्रास नाही." माझी चिडचिड होते, कारण तो खोटं बोलत नसतो. त्याला खरंच काही जाणवत नाही. आणि न जाणवण्यात तंबाखूचाच हात असतो.

कुठे इजा झाली की तिथे लाली येते, सूज येते, दुखायला लागतं. ही प्रतिकारशक्तीने मारलेली बोंब. निकोटिन तीच दाबतं. मॅक्रोफेज नावाच्या आपल्या रक्षक पेशींवर निकोटिन जाऊन चिकटतं आणि त्यांच्यातून दाह पेटवणारी रसायनं कमी सुटतात. शिवाय ते रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणजे जखमेपर्यंत रक्तही कमी पोचतं. "तंबाखूने प्रतिकारशक्ती संपते" असे जे मेसेज फिरतात ते मला पटत नाहीत. ती संपत नाही, बधिर होते. पहारेकरी जागेवरच असतो, पण पेंगुळलेला.

आणि हे सगळं होतं कुठे, तर रोज बार धरायच्या त्याच कोपऱ्यात. चुन्यासारखा क्षार सोबत असला की निकोटिन गालाच्या नाजूक अस्तरातून भराभर रक्तात उतरतं. त्या जागची हिरडी खाली सरकते, दाताचं मूळ उघडं पडतं, थंड-गरम झोंबायला लागतं. बरेच जण त्यावर टूथपेस्ट बदलतात!

"धूर नाही ना, मग कसला कॅन्सर?" हा दुसरा आवडता युक्तिवाद. कॅन्सर करणारी नायट्रोसामाइन्स पान वाळवताना आणि आंबवतानाच तयार होतात, त्यांना काडी ओढावी लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ च्या अहवालात धूरविरहित तंबाखूतले २८ कर्करोगकारक घटक नोंदवलेत. अमेरिकेतला शॉन मार्सी हा शाळकरी धावपटू सिगारेट ओढत नव्हता, दारू पीत नव्हता. फक्त ओली तपकीर तोंडात धरायचा. जिभेच्या कॅन्सरने १९८४ मध्ये गेला, वय १९.

पाकिटावरचे भयानक फोटो पाहून कुणी घाबरत नाही, कारण आरशात तसं काही दिसत नाही. त्यापेक्षा ओठ ओढून बार ठेवायची जागा नीट बघायला शिकवा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसतोय का? लाल असेल तर जास्त धोक्याचा. दोन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम, दुखत असो वा नसो, दंतवैद्याला दाखवायचीच.

तंबाखू सुटली की असे बरेच पांढरे चट्टे काही आठवड्यांत विरतात, हे मात्र कुणी आवर्जून सांगत नाही. सरकलेली हिरडी तेवढी आपोआप वर येत नाही.