१४० ग्रॅम स्लरी आणि खोटा दाणा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. साखर कारखान्यातल्या पॅनमध्ये, म्हणजे व्हॅक्यूमखाली कमी तापमानाला सिरप उकळून साखरेचा दाणा वाढवण्याच्या भांड्यात, दाणा कसा सुरू करावा यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमच्या दोन हरकती आहेत. ६० टन मॅसेक्विटच्या (दाणे आणि सिरप यांच्या दाट मिश्रणाच्या) पॅनला १४० ग्रॅम साखरेची स्लरी (दाणा सुरू करायला टाकतात ते अल्कोहोलमधले साखरेचे बारीक कण) पुरते हे कागदावरचं गणित, प्रत्यक्षात आठ-दहा पट टाकावी लागते, ही पहिली. अतिसंपृक्तता (सिरपमध्ये मावते त्याच्या किती पट साखर विरघळलेली आहे तो गुणांक) १.२ च्या खाली असली की नवा दाणा धरत नाही असं मी म्हटलं होतं, मग तिथेही खोटा दाणा (नको असताना मध्येच तयार होणारा बारीक दाणा) येतो कसा, ही दुसरी. दुसऱ्या मुद्द्यात चूक माझी आहे. पहिल्यात मात्र तुमचा अनुभव आणि माझं गणित एकच गोष्ट सांगतात.

६० टनांत निम्मे स्फटिक धरले तर ३० टन. तयार दाणा ०.६ मिलिमीटर, स्लरीतला कण १० मायक्रॉन, म्हणजे लांबी ६० पट वाढते. वजन लांबीच्या घनाने वाढतं, म्हणून २,१६,००० पट. भागाकार येतो १३९ ग्रॅम. आता कण २० मायक्रॉनचा घ्या: तितकेच दाणे मिळवायला १,१११ ग्रॅम लागतात. तुमची आठ पट बहुधा इथेच आहे. पॅनला वजन कळत नाही, कणांची संख्या कळते.

म्हणून स्लरी वाढवण्याआधी तिचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली बघा. एक भाग साखर, दोन भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बॉल मिलमध्ये साधारण २४ तास, ही नेहमीची रीत. अल्कोहोल अशासाठी की साखर त्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यात पाणी शिरलं तर बारीक कण आधी विरघळतात, उरलेले एकमेकांना चिकटतात. बाटली ठेवून दिली की कण तळाशी बसतात. न हलवता वरचं ओतलं तर पॅनमध्ये नुसतं अल्कोहोल जातं. ते पटकन पेट घेतं, त्यामुळे जवळपास ठिणगी नको. स्लरी कमी पडल्यासारखी वाटण्याचं आणखी एक कारण: स्लरी पॅनमध्ये ओढण्याच्या क्षणी सिरप संपृक्ततेच्या खाली असेल, तर कण विरघळून जातात. मग माणूस दुसरा डोस देतो आणि दोन आकारांचा दाणा तयार होतो.

आता माझी चूक. १.२ ही भिंत नाही. आपोआप केंद्रक (नव्या दाण्याचं अतिसूक्ष्म बीज) तयार व्हायला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा अतिसंपृक्ततेच्या लॉगरिदमच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. १.३ ला तो जेवढा असेल त्याच्या साडेसात पट १.१ ला असतो, आणि केंद्रकं बनण्याचा वेग त्या अडथळ्याच्या घातांकाने घटतो. त्यामुळे स्वच्छ, दाणारहित सिरपमध्ये १.१ ला काही होत नाही. पण पॅनमध्ये दाणा आधीच असतो. उकळीत दाणे एकमेकांवर आणि नळ्यांवर आपटतात, त्यांच्या पृष्ठभागावरून सूक्ष्म तुकडे सुटतात आणि ते वाढू लागतात. या दुय्यम केंद्रकीभवनाला अडथळा ओलांडावाच लागत नाही. हे मी लिहायला हवं होतं. सिरपची शुद्धता बदलली की या सीमा सरकतात, तेही राहून गेलं.

शिवाय तुमचं मीटर १.१२ दाखवतं ते एका ठिकाणचं आणि एका क्षणाचं. व्हॅक्यूम अचानक वाढून तापमान ७० वरून ६० अंशांवर आलं तर काय होतं बघा. १०० ग्रॅम पाण्यात ७० अंशांना सुमारे ३२० ग्रॅम साखर मावते, ६० अंशांना सुमारे २८७. नुसत्या थंड होण्याने अतिसंपृक्ततेचा गुणांक सुमारे १.११५ पटींनी वाढतो, म्हणजे १.१२ चा थेट १.२५ वर. कंडेन्सरचं पाणी आणि व्हॅक्यूम स्थिर नसतील तर स्लरी कितीही अचूक असली तरी खोटा दाणा येणार. थंड सिरप ओढल्यानेही नळीच्या तोंडाशी हेच होतं.

बोटांमध्ये सिरप ताणून येणारी तार बघून दाणा धरणाऱ्या पॅनमनबद्दल (पॅन चालवणाऱ्या कामगाराबद्दल) तुम्ही लिहिलंत. त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे, पण तार चिकटपणा दाखवते. शिळ्या उसात जिवाणूंमुळे तयार होणाऱ्या डेक्स्ट्रान या चिकट पदार्थाने रस चिकट झाला की संपृक्तता कमी असूनही तार येते.

खोटा दाणा दिसलाच तर फीड बंद करा, व्हॅक्यूम थोडा कमी करून तापमान चढू द्या आणि गरम पाणी थोडं थोडं द्या. प्रूफ स्टिकवर (पॅनमधून नमुना काढायच्या दांड्यावर) नमुना काढत राहा आणि मधला द्रव स्वच्छ दिसताच पाणी थांबवा. पुढे धुतलंत तर चांगला दाणा विरघळतो आणि वाफ जास्त जाते. न धुता सोडलंत तर तोच बारीक दाणा सेंट्रीफ्यूगलच्या (दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्राच्या) जाळीतून मळीत जातो.