आठवीतल्या पोराचं बीपी

मागच्या महिन्यात आईचं बीपी दाखवायला लातूरला दवाखान्यात गेलो होतो. सोबत धाकटा, तेरा वर्षांचा, आठवीत. आईचं झालं तसा यानं गंमत म्हणून हात पुढं केला, "काका, माझं पण बघा की." डॉक्टरांनी हसत हसत पट्टा गुंडाळला. 132 वर 84. मग हसणं थांबलं. दहा मिनिटं त्याला गप्प बसवलं, कपाटातून लहान पट्टा शोधून काढला आणि परत मोजलं. 136 वर 86.

मोठ्या माणसाचा पट्टा बारीक दंडावर लावला की आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे तो लहान पट्टा कपाटात सापडला नसता तर? आमच्या गावाकडच्या किती दवाखान्यांत तो असेल, देव जाणे.

एकदा मोजून काही ठरत नाही. आणखी दोनदा, वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. तिन्ही वेळा 130 च्या वरच. तेरा वर्षांपासून पुढं 130/80 ही जास्त बीपीची रेघ. त्याहून लहान लेकरांचं वय, उंची आणि मुलगा की मुलगी हे पाहून ठरतं. लहानपणी बीपी वाढलं तर किडनीचा दोष आहे का हेही बघतात, म्हणून लघवी तपासली, सोनोग्राफी केली. सगळं ठीक निघालं.

घरी सांगितलं तर पहिला प्रश्न, "एवढ्या काडीपैलवानाला बीपी?" आपल्याकडं गुटगुटीत लेकरू म्हणजे तब्येतीचं, आणि बारीक लेकराला फक्त खाऊ घालायचं. पण डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या होत्या. जन्माला आला तेव्हा वजन किती? सव्वादोन किलो. जन्माचं वजन कमी असलं की पुढं बीपीचा धोका वाढतो. घरात पंचावन्नच्या आत कुणाला अटॅक? माझे वडील, एक्कावन्नाव्या वर्षी.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माया-लेकरांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. वजन कमी भरलं ते मांसाचं. चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीचं. हे वाचलं तेव्हा मला कोयता घेऊन कारखान्यावर जाणाऱ्या आमच्या बाया आठवल्या. पोटुशी असतानाही मोळ्या उचलतात. त्यांच्या लेकरांचं बीपी कोण मोजतं?

आणि बीपी-हृदयाचं हे दुखणं म्हातारपणाचं नाहीच. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली, 1953 ची गोष्ट. सरासरी वय 22. चारातल्या तिघांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोष सुरू झालेला होता. बाविशीत जे दिसतं ते बाविशीत सुरू झालेलं नसतं.

आता आमचं पोर काय करतं बघा. पहाटे क्लास, मग शाळा, मग परत क्लास. पीटीचा तास गणिताच्या सरांनी कधीच खाल्लाय. मधल्या वेळेत पाच रुपयांचा पुडा. तो संपला की उलटा करून तळहातावर झटकायचा आणि तो लाल मसाला जिभेनं चाटून घ्यायचा. घरी भाकरी-ठेच्यावर वरून मीठ. मोठ्या माणसानं दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ खावं म्हणतात, म्हणजे चहाचा एक चमचा. लेकराला त्याहून कमी. मी एक दिवस हिशोब करायला बसलो आणि दुपारीच सोडून दिला.

मार्कांसाठी लेकराला चौदा तास बसवणारे आम्ही आईबाप वर्षातून एकदा दंडाला पट्टा लावत नाही. याचा मला राग येतो, आणि तो आधी माझ्यावरच आहे.

गोळी नाही दिली. मीठ कमी, रोज तासभर खेळ, संध्याकाळचा क्लास बंद (यावरून बायकोशी दोन दिवस अबोला होता). घरी मशीन आणलं, पट्टा त्याच्या मापाचा वेगळा घेतला. आई कालनिर्णयवर रविवारच्या चौकोनात दोन आकडे लिहिते, वर स्वतःचा, खाली नातवाचा. काल तिचा 142, त्याचा 128.

"आज्जे, मी जिंकलो," म्हणाला.

तिनं त्याच्या ताटातला पापड उचलून आपल्या ताटात घेतला. मग तिच्या ताटातला मी उचलला.